‘आयएसओ घेतलं की तीन वर्षं टेन्शन नाही’ हा मेसेज चुकीचा आहे, मुद्द्यामुद्द्यानं सांगतो

व्हेंडर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, माझ्याकडे तीन ठिकाणांहून आला. त्यात म्हटलंय की आयएसओ ९००१ चं, म्हणजे कंपनीच्या क्वालिटी सिस्टिमचं, सर्टिफिकेट घेतलं की तीन वर्षं कुणी विचारत नाही, मधली ऑडिटं म्हणजे एजन्सीची पैसे काढायची पद्धत, तारीख संपली तरी सहा महिने ग्रेस मिळतो, सर्टिफिकेट कुठल्याही एजन्सीचं चालतं, आणि आता नवीन आवृत्ती येतेय तर रिन्यू करूच नका. मी पुण्यात सप्लायर क्वालिटीचं काम करतो, हीच सर्टिफिकेटं रोज तपासतो, आणि असल्या समजुतीपायी चांगल्या शॉपचं काम बंद पडलेलं डोळ्यांनी बघितलंय. म्हणून लिहितोय.

पहिलं, तीन वर्षं. कागदावर तीन वर्षांची तारीख छापलेली असते हे खरं आहे, पण ती अटीवर असते. सर्टिफिकेशन बॉडीनं, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या एजन्सीनं, काम कसं करायचं याचं वेगळं स्टँडर्ड आहे, आयएसओ १७०२१-१, त्यात लिहिलंय की पहिलं सर्व्हिलन्स ऑडिट, म्हणजे मधली तपासणी, सर्टिफिकेशनचा निर्णय झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत झालं पाहिजे, आणि पुढे रिसर्टिफिकेशनचं, म्हणजे मुदत संपताना सर्टिफिकेट परत घ्यायचं, वर्ष सोडलं तर दर कॅलेंडर वर्षात किमान एक. ते होऊ दिलं नाही तर सर्टिफिकेट सस्पेंड होतं, सस्पेन्शन साधारण सहा महिन्यांपलीकडे ठेवत नाहीत, मग विड्रॉ, म्हणजे रद्द. म्हणजे मधलं ऑडिट हा एजन्सीचा धंदा नाही, त्याच्यावरच तर ती छापलेली तारीख उभी आहे. उलट तीन वर्षांत एकदाही ऑडिटर आला नाही तर त्या सर्टिफिकेटबद्दलच शंका घ्यायला पाहिजे.

भोसरीत एक टर्निंग शॉप आहे, बुश बनवतात, काम इतकं सुंदर की बोअरला आमच्याकडं कधी रिजेक्शन आलं नाही. ऑफिसात टेबलामागं फ्रेममध्ये सर्टिफिकेट लावलेलं, तारखेला अजून १४ महिने शिल्लक. मी तिथंच बसून मोबाईलवर सर्टिफिकेशन बॉडीच्या साईटवर नंबर टाकला तर समोर आलं ‘विड्रॉन’. मालक काका चहाचा कप घेऊन समोर उभे, म्हणाले अहो साहेब, तारीख बघा ना, पुढच्या वर्षीची आहे. त्यांना खरंच माहीत नव्हतं. सर्व्हिलन्सचे सगळे मेल जुन्या एमआरच्या (मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे क्वालिटी सिस्टिम सांभाळणारा माणूस) आयडीवर जात होते आणि तो मुलगा नोकरी सोडून वर्ष झालं होतं, कुणी तो इनबॉक्स उघडलाच नाही. आमच्या सिस्टिममध्ये नाव लाल झालं, नवीन आरएफक्यू (कोटेशनची मागणी) बंद, आणि स्टेज वन, स्टेज टू हे पहिल्या सर्टिफिकेशनच्या ऑडिटचे दोन्ही टप्पे पहिल्यापासून करून परत यायला त्यांना पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत दोन पार्ट दुसरीकडं गेले, ते अजून परत आलेले नाहीत. म्हणून सांगतो, एमआर बदलला की त्याच दिवशी सर्टिफिकेशन बॉडीला नवीन मेल आयडी कळवा.

आता सहा महिने ग्रेस, हा सगळ्यात घातक मुद्दा, कारण ह्यात अर्धं खरं आहे. १७०२१-१ मध्ये सहा महिन्यांचा उल्लेख आहे, पण तो ‘सर्टिफिकेट चालू राहील’ असा नाही. तारीख संपल्यावर सहा महिन्यांच्या आत राहिलेलं रिसर्टिफिकेशनचं काम पूर्ण केलं तर सर्टिफिकेशन परत सुरू करता येतं, नाहीतर किमान स्टेज टू परत करावं लागतं, एवढंच त्यात आहे. आणि परत सुरू झालं तरी मागची तारीख मिळत नाही. समजा १० मार्चला संपलं आणि नवीन निर्णय २५ जूनला झाला, तर नवीन सर्टिफिकेट २५ जूनच्या आधीपासून लागू होत नाही, पण त्याची शेवटची तारीख मात्र जुन्या १० मार्चवरूनच मोजतात. म्हणजे साडेतीन महिन्यांचा खड्डा कागदावर कायमचा दिसतो आणि वर पूर्ण तीन वर्षंही मिळत नाहीत. त्या काळातला माल सर्टिफिकेट नसलेल्या सप्लायरचा माल. कस्टमर ऑडिटला आला की नेमकं तेच पान उघडतो.

हा गैरसमज आला कुठून? मला वाटतं कोविडमधून. २०२० मध्ये ऑडिटर प्रवासच करू शकत नव्हते तेव्हा खास परिस्थिती म्हणून सहा महिन्यांपर्यंत मुदतवाढ दिली गेली, अनेकांकडं ती पत्रं अजून फाईलला असतील. ती सवलत त्या परिस्थितीपुरती होती. एरवी नियम कडक आहे, तारखेच्या आत रिसर्टिफिकेशन ऑडिट पूर्ण झालं नाही, किंवा मेजर एनसी (नॉनकन्फॉर्मिटी, म्हणजे मोठी त्रुटी) निघाली आणि तिचं करेक्शन तारखेआधी व्हेरिफाय झालं नाही, तर मुदत वाढवता येत नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यात ऑडिट ठेवणं म्हणजे एका मेजरवर सगळं घालवणं. मी सगळ्यांना किमान तीन महिने आधीची तारीख घ्यायला सांगतो, आणि तारखेच्या आत काम झालं तर नवीन मुदत जुन्या तारखेपासून धरता येते, लवकर केलं म्हणून दिवस वाया जात नाहीत.

कुठलीही एजन्सी चालते? नाही. आयएसओ ही जिनिव्हाची संस्था स्टँडर्ड लिहिते, सर्टिफिकेट देत नाही. देते सर्टिफिकेशन बॉडी, आणि तिच्यावर तिला मान्यता देणारी ॲक्रेडिटेशन बॉडी असते, आपल्याकडं क्यूसीआयची (क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडिया) एनएबीसीबी, ब्रिटनची यूकेएएस, जर्मनीची डॅक्स वगैरे. एनएबीएल ही मान्यता लॅब आणि कॅलिब्रेशनसाठी आहे, तो लोगो ९००१ ला कामाचा नाही. ऑडिटर न येता दोन दिवसांत मेलवर येणारं सर्टिफिकेट आमच्यासाठी कोरा कागद आहे, कारण ऑटोवाल्यांच्या क्वालिटी स्टँडर्डमध्ये, आयएटीएफ १६९४९ मध्येच, क्लॉज ८.४.२.३ आहे, त्यात कस्टमरनं वेगळं मान्य केलं नसेल तर सप्लायरचं ९००१ थर्ड पार्टी (बाहेरच्या स्वतंत्र संस्थेच्या) ऑडिटनं आणि ॲक्रेडिटेड बॉडीकडूनच हवं. शंका असली तर आयएएफ सर्टसर्च ह्या सर्टिफिकेटं तपासायच्या साईटवर नाव टाकून बघा.

राहिली नवीन आवृत्ती. सप्टेंबर २०१५ ला २०१५ ची आवृत्ती आली तेव्हा २००८ वाल्यांना सप्टेंबर २०१८ पर्यंत, म्हणजे तीन वर्षं दिली होती, आणि तेवढ्या काळात जुनी सर्टिफिकेटं चालू होती. फेब्रुवारी २०२४ ला क्लायमेट चेंजची दुरुस्ती आली तेव्हा तर नवीन सर्टिफिकेटसुद्धा छापायला लागलं नाही. ट्रान्झिशन, म्हणजे जुन्या आवृत्तीवरून नवीनवर जाणं, पुढच्या सर्व्हिलन्सबरोबरही करता येतं, पण त्यासाठी हातात चालू सर्टिफिकेट तर पाहिजे, संपलेल्याचं ट्रान्झिशन कसलं करणार. ज्यांची तारीख येत्या सहा महिन्यांत आहे त्यांनी आजच मेल टाका, मार्चच्या घाईत ऑडिटरच्या तारखा मिळत नाहीत.