हवे शुं?

जिवंत आहे. दोन वर्षं इकडे फिरकलेच नाही, त्यामुळे इनबॉक्समध्ये तिघी-चौघींनी विचारून झालं की बडोदा सोडलंस का, तब्येत बरी आहे ना, आमच्यावर रागावलीस का. तसं काही नाही गं, वयाच्या 43व्या वर्षी एम.ए. करायची हुक्की आली, तेही इतिहासात, मे महिन्यात ते एकदाचं संपलं आणि त्यानंतर पाच महिने मी काहीही केलेलं नाही. म्हणजे स्वयंपाक, सासूबाईंच्या गोळ्या, मुलाचे क्लासेस हे चालूच होतं, पण त्याला कोण काही करणं म्हणतं.

व्हायवा झाला त्या दिवशी दुपारी तीनला झोपले ती दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या बेनने बेल वाजवली तेव्हा उठले. हातात खमणची वाटी. "पूरुं थयुं? सरस! हवे शुं?" तेव्हापासून हा 'आता काय?'चा प्रश्न पाठ सोडत नाहीये. मराठीत, गुजरातीत, व्हॉट्सअपवर, लग्नाच्या पंगतीत. आता पीएचडी का? आता नोकरी का? अहो, माणूस मांडवीच्या बाजारातून पिशव्या भरून आला तरी आधी पाणी विचारतात.

डिझर्टेशनचा विषय होता आपल्या बडोद्याची फिरती वाचनालयं. सयाजीरावांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं हे आपण शाळेपासून ऐकतो, पण पुढची गोष्ट मला जास्त आवडते. पोरं शाळेत अक्षरं शिकायची, शाळा सुटली की हातात पुस्तकच नाही, मग चार-पाच वर्षांत शिकलेलं विसरून जायची. म्हणून 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावलं, सेंट्रल लायब्ररी उभी राहिली, गावोगावी वाचनालयं निघाली आणि जिथे तीही नव्हती तिथे लाकडी पेट्यांमधून पुस्तकं जायची, वाहतुकीचा खर्च सरकारचा. त्या पेटीतलं पुस्तक वाचणाऱ्या कुठल्यातरी खेड्यातल्या माणसाला कुणी फुटनोट मागितली नव्हती, सबमिशनची तारीख दिली नव्हती. त्याला वाटलं म्हणून त्याने वाचलं.

आणि मी? त्याच्यावर शंभर पानं लिहिता लिहिता वाचणं विसरले. गंमत बघा, लोक शाळा सुटल्यावर विसरायचे, मी शाळेत जाऊन विसरले. पुस्तक उघडलं की हात आपोआप पेन्सिल शोधायचा, यातलं कुठलं वाक्य कोट करता येईल. 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं, लोक रस्त्यावर मगर दिसली म्हणून व्हिडिओ काढत होते आणि मी झेरॉक्सचे गठ्ठे डोक्यावर घेऊन जिना चढत होते, मग चार दिवस घरभर पंख्याखाली कागद वाळत घातलेले, सासूबाई म्हणाल्या पापड तरी खाता येतात.

डिग्रीला नावं ठेवत नाहीये हां. एक चांगली सवय लागली, कशावरून असं विचारायची. मावशींनी फॅमिली ग्रुपवर महाराजांबद्दल एक अचाट फॉरवर्ड टाकला, मी खाली लिहिलं, सोर्स? दोन दिवस ग्रुपवर सन्नाटा. पण हीच सवय स्वतःवर उलटते त्याचं काय करायचं? जूनमध्ये इथे लिहायला बसले होते, सूरसागर तलावाच्या पाळीवर बसून खाल्लेल्या शेव-उसळीबद्दल, साधं, आणि पहिलंच वाक्य आलं, "असे निदर्शनास येते की". शेव-उसळीबद्दल! बंद केला लॅपटॉप. उसळ तिखट होती, नाकातून पाणी आलं, हे सांगायला मला कुणाचा आधार लागायला नको होता.

म्हणून मला वाटतं (बघा, लिहिलं एकदाचं, मला वाटतं) की शिक्षणानंतरची सुट्टी हा लाड नाहीये, डोक्यात बसलेला तो परीक्षक उठून जाईपर्यंत थांबावं लागतं आणि तो सावकाश उठतो, चहा घेऊन मग उठतो. आणि ब्रेकमध्ये काहीतरी प्रॉडक्टिव्ह कर, एखादा ऑनलाइन कोर्स कर असे सल्ले देणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

मी काय केलं तर कमाटीबागेत बाकावर बसले. माळ्यावरचे जुने दिवाळी अंक काढले, ओलाव्याने फुगलेले, आणि पेन्सिल मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवली. ऑगस्टपर्यंत एक कथा सलग वाचून होत नव्हती. गेल्या आठवड्यात एक वाचता वाचता गॅसवरचं दूध उतू गेलं, शेगडी पुसताना इतका आनंद मला रिझल्टच्या दिवशीही झाला नव्हता.

काल बेन पुन्हा जिन्यात भेटल्या. हवे शुं? म्हटलं, आराम.

"आराम तो ठीक. पछी?"