लेन कमी केली म्हणजे कोंडी वाढणारच? एका फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

उपनगरातल्या एखाद्या मुख्य रस्त्याचा नवा आराखडा जाहीर होतो, त्यात रुंद पदपथ आणि सायकलमार्ग दिसतात, आणि लगेच एक मजकूर फोनाफोनी फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. गाड्यांची लेन काढली की कोंडी दुप्पट होणार. सायकल चालवणारे आहेतच किती? लोक कुठूनही रस्ता ओलांडतात म्हणून अपघात होतात, त्यात रस्त्याचा काय दोष? दुकानांचं गिऱ्हाईक तुटणार. रुग्णवाहिका अडकणार. आणि शेवटी, कर गाडीवाले भरतात, तेव्हा रस्ता गाड्यांसाठीच हवा.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. रोज कोंडीत तासभर घालवणाऱ्याला एक लेन जाणार हे ऐकून धस्स होणं साहजिक आहे. पण याच मुद्द्यांच्या जोरावर चांगले आराखडे गुंडाळले जातात आणि रस्ता आहे तसाच, म्हणजे चालणाऱ्याच्या जिवावर उठलेला, राहतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“एक लेन गेली की कोंडी दुप्पट”

उपनगरातला नेहमीचा रस्ता डोळ्यासमोर आणा. दोन्ही दिशांना दोन-दोन लेन, मधे दुभाजक नाही. कागदावर चार लेन. प्रत्यक्षात आतल्या लेनमध्ये कुणीतरी समोरची रहदारी ओलांडून वळण्यासाठी थांबलेलं असतं. मागचे वैतागून बाहेरच्या लेनमध्ये घुसतात. तिथे बस थांब्याला लागलेली, नाहीतर कुणी गाडी कडेला घेऊन उभा. म्हणजे चारही लेन एकाच वेळी नीट वाहतायत असं क्वचितच घडतं, आणि दर थोड्या अंतरावर लेन बदलण्याची झटापट होते. धडका होतात त्या बऱ्याचशा याच झटापटीत.

यावर वाहतूक अभियंत्यांचा एक जुना उपाय आहे. दोन्ही दिशांना एकेक सलग लेन, मधली लेन फक्त वळणाऱ्यांसाठी, आणि उरलेली जागा सायकली, पदपथ किंवा बस थांब्यांना. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज शहरात १९७९ मध्ये एका चारपदरी रस्त्यावर हा बदल झाला. अपघात कमी झाले, वाहनांचा खोळंबा वाढला नाही. त्यानंतर अशा अनेक रस्त्यांची पाहणी झाली आणि अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने एकूण अपघातांत १९ ते ४७ टक्के घट नोंदवली. फ्लोरिडातल्या ऑरलँडोमध्ये एजवॉटर ड्राइव्ह या रस्त्यावर २००२ च्या बदलानंतर अपघातांचं प्रमाण ३४ टक्क्यांनी आणि जखमी होण्याचं प्रमाण ६८ टक्क्यांनी उतरलं.

हा उपाय सगळीकडे चालतो असं मी म्हणणार नाही. ज्या रस्त्यावरून दिवसाला साधारण २०,००० पर्यंत वाहनं जातात तो यासाठी चांगला उमेदवार, असं हेच प्रशासन सांगतं. त्याहून जास्त वाहनं असतील तर चौकांचा बारकाईने अभ्यास करावा लागतो. आणि खरी मेख चौकातच आहे. उपनगरी रस्त्यावरून तासाला किती वाहनं जातील हे दोन चौकांमधल्या रुंदीवर फारसं अवलंबून नसतं. चौकात हिरवा दिवा किती वेळ मिळतो आणि वळणाऱ्यांना थांबायला वेगळी जागा आहे का, यावर ते ठरतं. मधे तीन लेन आणि चौकात एकच लेन सुटणार असेल, तर त्या तीन लेनमध्ये फक्त रांग जास्त आडवी लागते. म्हणूनच जाणते आराखडे चौकाजवळ वळणाची लेन राखतात आणि मधल्या टप्प्यात जागा काढतात.

याच्या उलटचा प्रयोग जगाने भरपूर करून पाहिला आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये रुंद झाला. शेजारचे समांतर रस्ते धरले तर काही ठिकाणी २६ लेन. २०११ ते २०१४ या तीनच वर्षांत त्यावरचा सकाळच्या गर्दीतला प्रवासवेळ सुमारे ३० टक्क्यांनी आणि संध्याकाळचा ५५ टक्क्यांनी वाढला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी गर्दीच्या वेळच्या रहदारीचा हा स्वभाव १९६२ मध्येच मांडला होता. २०११ मध्ये डुरांटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकन शहरांची आकडेवारी तपासून दाखवलं की महामार्गांची लांबी जितक्या टक्क्यांनी वाढते, जवळपास तितक्याच टक्क्यांनी गाड्यांचा एकूण प्रवासही वाढतो. रस्ता मोकळा दिसला की एरवी न निघणारे निघतात, बसने जाणारे गाडी काढतात, लांब राहायला जाणं परवडतं.

मग जागा कमी केल्यावर काय होतं? ब्रिटनमधल्या केर्न्स, ॲटकिन्स आणि गुडविन या वाहतूक-संशोधकांनी २००२ मध्ये अकरा देशांतली सत्तरहून अधिक उदाहरणं तपासली. वाहनांची जागा घटवल्यावर आजूबाजूचे रस्ते धरूनही एकूण वाहतुकीतली मध्यक घट (म्हणजे निम्म्या उदाहरणांत याहून जास्त, निम्म्यांत कमी) ११ टक्के निघाली. काही ठिकाणी ती याहून बरीच जास्त होती, काही ठिकाणी वाहतूक वाढलीही. पण भाकीत केलेला हाहाकार क्वचितच झाला.

आणखी एक गोष्ट, जी या मजकुरात कधीच नसते. मोजायचं काय, गाड्या की माणसं? अमेरिकेतल्या शहरी वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार साधारण तीन मीटर रुंदीच्या पट्ट्यातून खासगी गाड्यांनी तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात. तेवढ्याच रुंदीच्या दुतर्फा सुरक्षित सायकलमार्गावरून ७,५०० पर्यंत, पदपथावरून ९,००० पर्यंत, राखीव बसलेनमधून ४,००० ते ८,०००. ही क्षमता आहे, रोजची गर्दी नव्हे. पण एका लेनच्या बदल्यात रस्त्याची माणसं वाहण्याची ताकद कमी होते असं म्हणायला जागा उरत नाही.

“लोक कुठूनही ओलांडतात, त्यांचीच चूक”

सगळ्यात जास्त अन्याय या वाक्यात आहे, म्हणून इथे जरा थांबू.

उपनगरी मुख्य रस्त्यावर दोन सिग्नलमधलं अंतर ८०० मीटर आहे असं धरा. हे काही फार जगावेगळं अंतर नाही. बस थांबा बरोबर मधे, समोर वसाहत. बसमधून उतरलेल्या माणसाला पंधरा मीटर पलीकडे जायचं आहे. नियमाने जायचं तर ४०० मीटर चालत सिग्नलपर्यंत, तिथे थांबा, ओलांडा, पुन्हा ४०० मीटर मागे. सेकंदाला १.२ मीटर या चालीने हे अकरा मिनिटांचं चालणं, सिग्नलची वाट पाहणं वेगळं. हातात पिशव्या असतील, सोबत लहान मूल असेल, गुडघे दुखत असतील, तर पंधरा-वीस मिनिटं. तो माणूस थेट ओलांडतो तेव्हा त्याने शिस्त मोडली असं आपण म्हणतो. ज्यांनी थांबा तिथे दिला आणि क्रॉसिंग दिलं नाही, त्यांना कुणी बेशिस्त म्हणत नाही.

थांब्याजवळ क्रॉसिंग आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहता येईल असं पादचारी बेट, एवढ्यानेच प्रश्नाचं रूप बदलतं. दोन्ही बाजूंच्या गाड्यांचा एकाच वेळी अंदाज घेण्याऐवजी एका वेळी एकच बाजू पाहायची. अशा बेटांमुळे पादचाऱ्यांचे अपघात ५६ टक्क्यांनी कमी होतात, असा आकडा अमेरिकेचं महामार्ग प्रशासन देतं. चार लेन सलग ओलांडण्याऐवजी लेन कमी असतील तर बेटाला जागा मिळते आणि ओलांडायचं अंतरही घटतं. शिवाय आणखी एक धोका जातो: जवळच्या लेनमधली गाडी सौजन्याने थांबते, तिच्याआडून पलीकडच्या लेनमधली गाडी भरधाव येते, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. एका दिशेला एकच लेन असली की हा प्रकार घडायला जागाच राहत नाही.

आणि वेग. अमेरिकेतल्या अपघातांवरच्या २०११ च्या एका अभ्यासात, धडकेच्या वेळी गाडीचा वेग ताशी सुमारे ३७ किलोमीटर असेल तर पादचारी दगावण्याचा सरासरी धोका १० टक्के निघाला. ५१ ला तो २५ टक्के, ६८ ला ५० टक्के. वयस्कर माणसांसाठी धोका याहून जास्त. हा वेग फलक लावून उतरत नाही. चालक रस्त्याची रुंदी पाहून वेग ठरवतो. लांबवर मोकळा, रुंद पट्टा दिसला की पाय आपोआप दाबला जातो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०२३ च्या पाहणीत ताशी ३० ते ३५ मैल मर्यादेच्या शहरी रस्त्यांवर नऊ फुटी लेनच्या तुलनेत बारा फुटी लेनवर अपघात लक्षणीय जास्त आढळले. रस्ता अरुंद केला म्हणून ओरडणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात रस्त्यांवर ११ लाख ९० हजार माणसं गेली. त्यांतले २३ टक्के पायी चालणारे होते. एवढ्या सगळ्यांना बेशिस्त ठरवून हात झटकता येत नाहीत.

“सायकल चालवतंय कोण?”

आज त्या रस्त्यावर सायकली कमी आहेत, हे खरंच. ताशी साठच्या वेगाने जाणाऱ्या ट्रकच्या कडेने सायकल चालवण्याची हिंमत थोड्यांनाच असते. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहराचे सायकल समन्वयक रॉजर गेलर यांनी २००६ मध्ये लोकांची ढोबळ वर्गवारी केली. कुठल्याही रस्त्यावर बिनधास्त जाणारे एक टक्क्याहून कमी, सुमारे ६० टक्के लोक ‘जायला आवडेल, पण भीती वाटते’ असे, आणि एक तृतीयांश मुळीच न जाणारे. आराखडा करायचा तो त्या साठ टक्क्यांसाठी. भीतीपोटी घरी राहिलेल्यांची मोजणी रस्त्यावर उभं राहून होत नाही.

स्पेनमधलं सेव्हिल हे कडक उन्हाळ्याचं शहर. २००६ पासून तिथे अल्पावधीत सुमारे ८० किलोमीटरचं, कठड्याने वेगळं केलेलं, मुख्य म्हणजे सलग जाळं उभं राहिलं. त्यासाठी गाड्या लावण्याच्या हजारो जागा काढल्या. काही वर्षांत रोजच्या सायकलफेऱ्या अकरापट झाल्या. नेदरलँड्सचं उदाहरण दिलं की ‘त्यांची संस्कृतीच वेगळी’ असं उत्तर येतं. पण तिथेही १९५० ते १९७० च्या काळात सायकली घटत होत्या आणि गाड्यांसाठी रस्ते मोकळे केले जात होते. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. पालक रस्त्यावर उतरले, मग धोरण बदललं.

मजकुरातली एक तक्रार मात्र मला मान्य आहे: बांधलेले सायकलमार्ग रिकामे पडतात. पडतात, कारण अनेक ठिकाणी ते नुसते रंगाचे पट्टे असतात. कुणीही गाडी लावतं, मधेच खांब किंवा रोहित्र येतं, आणि ऐन चौकात, जिथे संरक्षणाची सर्वाधिक गरज, तिथे मार्ग संपतो. दोन किलोमीटरचा मार्ग घर आणि शाळा जोडत नसेल तर त्यावर कोण जाईल? पण हे वाईट बांधकामाविरुद्धचं म्हणणं आहे. त्यातून चांगलं बांधू नये असं निघत नाही.

“दुकानं बसतील”

दुकानदाराची काळजी खरी असते, अंदाज बहुधा चुकतो. ब्रिस्टलमधल्या २००६ च्या पाहणीत दुकानदारांना वाटत होतं की ४१ टक्के गिऱ्हाईक गाडीने येतं. गिऱ्हाइकांनाच विचारल्यावर आकडा २२ टक्के निघाला. टोरांटोत ब्लूर स्ट्रीटवर २०१६ मध्ये पार्किंगच्या काही जागा काढून सायकलमार्ग झाले. नंतरच्या अभ्यासात गिऱ्हाइकांच्या फेऱ्या आणि खर्च दोन्ही वाढलेले आढळले. माल उतरवण्याची जागा मात्र राखलीच पाहिजे. ती आराखड्यात नसेल तर दुकानदारांनी भांडावं, मी त्यांच्या बाजूने आहे.

“रुग्णवाहिका अडकेल”

रुग्णवाहिका गाड्यांच्या रांगेत अडकते. मधली वळणाची लेन बहुतेक वेळ रिकामी असते आणि तीच तिला वाट देते; रुंद सायकलमार्गही प्रसंगी कामी येतो. उंच दुभाजक सलग घातला तर अडचण होते, म्हणून जागोजागी चढता येईल अशी कड ठेवावी. अग्निशमन दलाला आराखडा आधीच दाखवावा.

“कर आम्ही भरतो”

चालणारा, सायकलवाला आणि बसने जाणाराही कर भरतो. आणि रस्ता झिजवतं कोण? अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून निघालेला ढोबळ नियम सांगतो की झीज आसावरच्या, म्हणजे चाकांच्या दांड्यावरच्या, भाराच्या चौथ्या घाताने वाढते. आसावर ७५० किलो भार असलेली गाडी आणि ५० किलो असलेली सायकल यांच्यात भाराचं अंतर पंधरापट, म्हणजे त्या सूत्राने झिजेचं पन्नास हजारपटीहून जास्त. कराच्या प्रमाणात रस्ता वाटायचा म्हटला, तर हिशेब गाडीवाल्यांच्या बाजूने लागत नाही.

आराखड्यावर हरकत घ्यायचीच असेल तर घ्यावी, जरूर घ्यावी, पण नेमकी. प्रत्येक बस थांब्यापासून सर्वात जवळचं क्रॉसिंग किती मीटरवर आहे? सायकलमार्ग थांब्याच्या मागून जातो की प्रवाशांच्या पायातून? फाटकासमोर पदपथ खाली उतरतो, की गाडीला वर चढावं लागतं? चौकाच्या कोपऱ्याची वळणत्रिज्या किती, गाड्या तिथे वेग न उतरवता वळतील का? वाहनांसोबत ओलांडणारी माणसं मोजली आहेत का, शाळा सुटायच्या वेळीही? गेल्या तीन ते पाच वर्षांतले अपघात नकाशावर मांडले आहेत का? आणि भीती एवढी मोठी असेल तर आधी काही महिने खांब, रंग आणि कुंड्या ठेवून तात्पुरता बदल करा. आधी आणि नंतर प्रवासवेळ, वेग, अपघात, पायी आणि सायकलने जाणारे मोजा, आकडे त्याच रस्त्यावरच्या फलकावर लावा, आणि सिमेंट ओतायचं की नाही ते त्यावरून ठरवा.