आधी दुधाचं बघा, मग ऑपरेशनचं

ओठ किंवा टाळू (तोंडाचं आतलं छत) दुभंगलेलं बाळ जन्मलं की जो तो विचारतो, "ऑपरेशन कधी?" अहो, ओठाचं साधारण ३ ते ६ महिन्यांत, टाळूचं ९ महिने ते दीड वर्षात. तेही वजन आणि हिमोग्लोबिन नीट असेल तर. तोवर त्या जिवाच्या पोटात दूध कसं जायचं?

माझी भाची नाशकातच बाळंत झाली. बाळाची टाळू उघडी. डिस्चार्जच्या कागदावर काय, तर "स्तनपान चालू ठेवा". झालं! नुसता ओठ फाटलेला असेल तर बरीच बाळं अंगावर पितात. टाळूला फट असली की तोंडात ओढच तयार होत नाही. बाळ छातीशी झटतं, दमून झोपतं, पोट रिकामंच.

कामी आलं ते बारशासाठी सराफ बाजारातून आणलेलं बोंडलं. दुसऱ्या एका दवाखान्यातल्या सिस्टरनं उभ्या उभ्या शिकवलं. दूध काढून घ्यायचं, बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, बोंडल्याची चोच गालाच्या आतून टेकवायची. थोडं सोडायचं, गिळू द्यायचं, मग पुढचं. नाकातून दूध आलं की काळजात धस्स होतं, पण थांबायचं, पुसायचं, परत सुरू. ही बाळं हवा फार गिळतात, म्हणून मधेमधे ढेकर. अर्ध्या तासात आटपायचं, नाहीतर पिण्यातच सगळी ताकद जाते. दाबून दूध सोडायच्या मऊ बाटल्याही मिळतात.

आणि नातेवाईक? "ग्रहणात विळीवर बसली असशील." सप्टेंबर २०२५ च्या चंद्रग्रहणात तिला सातवा महिना होता. ओठ-टाळू जुळतात पहिल्या तीन महिन्यांत! रामकुंडावर ग्रहणाचं स्नान खुशाल करा, पोरीला कशाला बोल लावता?

सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून या जन्मदोषाचा समावेश आहे, ऑपरेशन मोफत होतं. उत्तमच. पण आईच्या हातून एकदा नीट दूध पाजून घेतल्याशिवाय डिस्चार्ज देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही रिक्षानं दुसरा दवाखाना गाठला. सुरगाण्याच्या पाड्यावरच्या बाईनं काय करायचं?

तुमच्या ओळखीत असं बाळ असेल तर आठवड्याला वजन करायला सांगा. दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलं नाही, तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे. आणि पावडरचं दूध लागलंच, तर पाणी वाढवून पातळ करू नका.