अति तातडीचे!!!

खोटी ईमेल कशी ओळखावी, याचं प्रशिक्षण आमच्या विद्यापीठात मध्यंतरी झालं. संगणक केंद्रातला तरुण पोटतिडकीने सांगत होता: घाई करणारी, धमकी देणारी, अशुद्ध भाषेतली आणि भलत्याच पत्त्यावरून आलेली मेल दिसली की समजायचं, फिशिंग. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग चहा, क्रीमरोल, हजेरीपटावर सह्या.

दुपारी आस्थापना विभागाची मेल आली. विषय 'अति तातडीचे!!!' आत, 'आज सायं. ५ पर्यन्त सोबतच्या लिंक वर बँक तपशिल न भरल्यास वेतन अदा केले जाणार नाही, सर्वस्वी जबाबदारी आपली राहिल.' पाठवणाऱ्याचा पत्ता कुणाच्या तरी घरच्या जीमेलचा, नावापुढे जन्मसाल. जोडलेल्या फाइलचं नाव 'अंतिम सुधारित नवीन २'. चारही लक्षणं तंतोतंत, आणि मेल शंभर टक्के खरी. प्रशिक्षण मनावर घेतलेल्या आमच्या एका सहकाऱ्याचा पगार पुढच्या महिन्यात निघाला.

याउलट भामट्यांचं मराठी हल्ली एआयच्या कृपेने सोवळं झालंय. 'आदरणीय प्राध्यापक महोदय, आपला मेलबॉक्स भरत आला आहे. कृपया खालील दुव्यावर पासवर्डची खातरजमा करावी. तसदीबद्दल क्षमस्व.' तसदीबद्दल क्षमस्व! आमच्या कार्यालयातून हे शब्द गेल्या कित्येक वर्षांत बाहेर पडलेले नाहीत. मी तिथेच ओळखलं.

त्या तरुणाची एक गोष्ट मात्र खरोखर कामाची निघाली. मेलचा पत्ता शेवटाकडून वाचायचा, आणि लिंकचा 'https://' नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपासून मागे. सुरुवातीला विद्यापीठाचं नाव कुणीही चिकटवील. पाकिटावर 'सदाशिव पेठ' लिहायला काय जातंय, खाली पिनकोड ४११०३० आहे का ते बघा. 'डॉट एसी डॉट इन' हे शेपूट शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांनाच मिळतं. विद्यापीठाचं नाव आधी आणि शेवटी 'व्हेरिफाय डॉट कॉम' असेल, तर ते स्थळ त्या दुसऱ्याच्या मालकीचं. इंग्रजी 'आर' आणि 'एन' खेटून बसले की 'एम'सारखे दिसतात, हाही एक छळ. चाळिशीनंतर चष्मा लावूनसुद्धा फरक कळत नाही. आणि फोनवर तर नुसतं नाव दिसतं, पत्ता बघायला त्यावर बोट दाबावं लागतं.

आमच्या विभागप्रमुखांना थेट कुलगुरूंच्या नावाने मेल आली. 'मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका. एक खासगी काम होतं. काही गिफ्ट कार्डं घेऊन त्यांचे कोड पाठवता का? पैसे संध्याकाळी देतो.' सर हरखले. इतक्या वर्षांच्या नोकरीत साहेबांनी पहिल्यांदाच नावानिशी काम सांगितलं होतं. खिशातून कार्ड काढणार, एवढ्यात आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब फायलीतून मान वर न करता म्हणाले, "सर, कोटेशनं कुठायत?"

"कसली?"

"आपल्याकडे तीन कोटेशनांशिवाय टाचणी येत नाही. कुलगुरू असले म्हणून काय झालं? नोटशीट टाका, लेखा विभागाची सही आणा, मग बघू."

अशा कार्यालयाला लुटायचं तर भामट्याला आधी रजिस्टर्ड व्हेंडर व्हावं लागेल, जीएसटी नंबरासकट. (खासगीत मात्र कोटेशन मागणारं कुणी नसतं. तिथे पैसे गेले की लाजत बसू नये, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यात पळतात.)

पुढे संगणक केंद्राने खरोखरच सगळ्यांना पासवर्ड बदलायची मेल पाठवली. एव्हाना विद्यापीठ इतकं हुशार झालं होतं, की ती कुणी उघडलीच नाही. शेवटी केंद्राने जावक क्रमांक टाकून, गोल शिक्का मारून, छापील परिपत्रक काढलं: 'सदर ईमेल खरी आहे.' भाऊसाहेबांनी ते उजेडात धरून शिक्का तपासला, आवक रजिस्टरला नोंदवलं आणि रीतसर फिरवायला दिलं. माझ्या टेबलावर आलं तोवर मुदत उलटून गेली होती आणि अख्ख्या विभागाची खाती बंद पडली होती. ती सुरू करायचा अर्ज फक्त विद्यापीठाच्या ईमेलवरूनच स्वीकारला जातो.