‘लँग्वेज सोपं, लिटरेचर खरं’: ए-लेव्हल इंग्लिशच्या त्या फॉरवर्डला उत्तर

इंग्लंडमधल्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर लाल त्रिकोण, खाली ‘प्रत्येक इयर इलेव्हनच्या पालकापर्यंत पोचवा’. मी असले मेसेज न वाचता पुढे सरकवते. पण हा परवा माझ्या ताईकडे पोचला आणि तिने भाचीचा सिक्स्थ फॉर्मचा फॉर्म, त्यावर लिहिलेलं ‘इंग्लिश लिटरेचर’ खोडून, दुरुस्तीला काढला. म्हणून हे उत्तर. नवख्यांसाठी: इयर इलेव्हनच्या शेवटी, सोळाव्या वर्षी जीसीएसईची परीक्षा. मग सिक्स्थ फॉर्मची दोन वर्षं ए-लेव्हल, आणि त्यात इंग्लिश तीन प्रकारचं: लँग्वेज, लिटरेचर आणि दोन्ही जोडून लँग-लिट.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, इंग्लिश लँग्वेज म्हणजे जीसीएसईचंच पुढचं पान, बोलायला चुरचुरीत मूल असेल तर ए-स्टार (सगळ्यात वरची श्रेणी) खिशात. दोन, मोठ्या युनिव्हर्सिट्यांच्या यादीत फक्त लिटरेचर आहे, बाकीचे ‘सॉफ्ट’. तीन, लँग-लिट हा जोडविषय घेतला तर ऑक्सफर्ड-केंब्रिज फॉर्म उघडूनही बघत नाहीत. चार, लिटरेचर म्हणजे आठ पुस्तकं पाठ करणं. पाच, ज्यांच्या घरी मराठी बोलतात त्या मुलांनी लिटरेचरच्या वाटेला जाऊच नये. सहा, डॉक्टर-इंजिनिअर व्हायचंय त्यांनी तर इंग्लिशकडे बघूही नये.

पहिल्या मुद्द्यात लँग्वेज घ्या म्हणतो, दुसऱ्यात त्याला किंमत नाही म्हणतो. हे लिहिणाऱ्याच्याही लक्षात आलेलं दिसत नाही.

आता पहिला मुद्दा, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. जीसीएसईच्या इंग्लिश लँग्वेजमध्ये उतारा वाचून उत्तरं लिहायची असतात, एखादी गोष्ट किंवा लेख लिहायचा असतो. ए-लेव्हलच्या लँग्वेजचं नाव तेच, पण विषय जवळजवळ भाषाविज्ञानाचा. एक्यूए या परीक्षा-बोर्डाचं स्पेसिफिकेशन, म्हणजे अभ्यासक्रम (भाचीच्या कॉलेजात हेच बोर्ड आहे, म्हणून त्याचाच आधार घेते) कुणालाही फुकट उघडता येतं. पहिला पेपर अडीच तासांचा. त्यात दोन मजकुरांचं विश्लेषण: शब्दनिवड, वाक्यरचना, ध्वनी, मांडणी, बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यातलं नातं. आणि त्यानंतर ३० गुणांचा निबंध लहान मुलं भाषा कशी शिकतात यावर, जन्मापासून अकराव्या वर्षापर्यंत. दुसरा पेपरही अडीच तासांचा: भाषेतली विविधता आणि भाषेत काळानुसार झालेले बदल. उरलेले २० टक्के गुण कोर्सवर्कचे. त्यात विद्यार्थ्याने स्वतः गोळा केलेल्या भाषिक सामग्रीवर सुमारे २,००० शब्दांचा शोधप्रकल्प आणि सोबत एक स्वतंत्र लेखन, त्यावरच्या टिप्पणीसह.

यात ‘चुरचुरीत बोलणं’ कुठे आलं? तिन्हीपैकी एकाही इंग्लिश ए-लेव्हलला तोंडी परीक्षा नाही. बोलण्याला एक गुण नाही.

मुलांच्या भाषेचं ते प्रकरण जरा जवळून बघा. विद्यार्थ्यासमोर तीन-चार वर्षांच्या मुलाच्या आणि आईच्या संभाषणाचं लिप्यंतर, म्हणजे बोललेलं जसंच्या तसं लिहून काढलेलं, येतं: कंसात टिंब म्हणजे क्षणभर थांबणं, कंसात आकडा म्हणजे तितके सेकंद शांतता, काही शब्द ध्वनिचिन्हांत. मूल म्हणतं ‘आय goed देअर’. घरात कुणीच ‘goed’ म्हणत नाही, सगळे ‘वेंट’ म्हणतात. मग मुलाने हे ऐकलं कुठून? कुठूनच नाही. भूतकाळाचा, शेवटी -ed लावायचा नियम त्याच्या हाती लागलाय आणि तो नियम ते सरसकट सगळीकडे लावतंय. गंमत म्हणजे हेच मूल काही महिन्यांपूर्वी बरोबर ‘वेंट’ म्हणत असतं, कारण तेव्हा ते नुसतं ऐकलेलं परत म्हणत असतं. म्हणजे चूक ही प्रगतीची खूण. आपली मुलं ‘मी केलं’ सोडून ‘मी करलं’ म्हणतात तेव्हा हेच चाललेलं असतं, आणि आपण मात्र आजोळी फोन करून ‘अहो, याचं मराठी बिघडतंय’ म्हणून सांगतो.

१९५८ साली भाषाशास्त्रज्ञ जीन बर्को यांनी एक साधा प्रयोग केला. मुलांना पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला ‘वग’ असं बनावट नाव दिलं, मग असे दोन दाखवून वाक्य पूर्ण करायला सांगितलं. मुलांनी ‘वग्ज’ म्हटलं. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता, म्हणजे पाठांतराचा प्रश्नच नाही. मुलं अनुकरणातून आणि शाबासकीतून भाषा शिकतात असं मानसशास्त्रज्ञ स्किनर मांडत होता, त्या मांडणीला हे जड जातं. परीक्षेत विद्यार्थ्याने समोरचं लिप्यंतर घेऊन अशा मांडण्या एकमेकींवर घासून बघायच्या असतात. विविधतेच्या भागात भाषाशास्त्रज्ञ लाबोव्हचा अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावरचा १९६३ चा अभ्यास येतो: ज्या बेटवासीयांना बेटाशी जास्त बांधिलकी वाटत होती त्यांचे काही स्वर बाहेरच्यांपेक्षा वेगळे होत चालले होते. हे सगळं ‘जीसीएसईचं पुढचं पान’ असेल तर मग कॅल्क्युलस म्हणजे पाढ्यांचं पुढचं पान म्हणायला हरकत नाही.

‘ए-स्टार खिशात’चंही तेच. जेसीक्यू ही परीक्षा-बोर्डांची संयुक्त संस्था दर ऑगस्टला निकालाचे विषयवार आकडे जाहीर करते. त्यात ए-स्टार आणि ए मिळवणाऱ्यांचं प्रमाण लँग्वेजमध्ये लिटरेचरपेक्षा कमी असतं. यावरून लगेच ‘लँग्वेज अवघड’ असंही कुणी फिरवू नका, दोन्हीकडे बसणारी मुलं सारखी नसतात. पण सोपं म्हणून लँग्वेज घ्या हा सल्ला देणाऱ्याने निकालाचं पान उघडलेलं नाही, एवढं नक्की. या सल्ल्याने नुकसान होतं ते असं: गोष्टी लिहायला आवडणारं, व्याकरणाचं नाव काढलं की जांभया देणारं मूल तिथे जाऊन बसतं आणि ऑक्टोबरात त्याच्यापुढे उपवाक्यं येतात.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. रसेल ग्रुप या मोठ्या संशोधन-विद्यापीठांच्या संघटनेने खरंच एक यादी काढली होती, ‘फॅसिलिटेटिंग सब्जेक्ट्स’ची, आणि तीत इंग्लिशपैकी लिटरेचरचं नाव होतं. पण २०१९ मध्ये रसेल ग्रुपने ती यादी स्वतःच मोडीत काढली. लोक ती ‘याच्याबाहेरचं सगळं कुचकामी’ अशी वाचायला लागले होते, आणि हा मेसेज आजही तशीच वाचतोय. त्या जागी आता इन्फॉर्म्ड चॉइसेस ही वेबसाइट आहे: मूल कुठल्या पदवीचा विचार करतंय ते निवडा, त्यासाठी कुठले विषय लागतात किंवा उपयोगी पडतात ते दिसतं. आणि विद्यापीठ-प्रवेशाचं काम बघणाऱ्या यूकासचे टॅरिफ गुण, म्हणजे श्रेणीला मिळणारे प्रवेशाचे गुण? ए-स्टारला ५६, एला ४८, बीला ४०. तिन्ही इंग्लिशना अगदी सारखे.

तिसरा मुद्दा साफ खोटा, आणि तोही पाच मिनिटांत तपासता येण्यासारखा. ऑक्सफर्डच्या इंग्लिश पदवीला ए-लेव्हलचं लिटरेचर किंवा लँग-लिट लागतं. केंब्रिजलाही दोन्हींपैकी एक चालतं. म्हणजे ज्या जोडविषयाला ‘फॉर्म उघडत नाहीत’ म्हटलंय तो तिथे लिटरेचरच्याच बरोबरीने चालतो. अडचण येते ती नुसतं लँग्वेज घेतलेल्यांची: इंग्लिश साहित्याच्या पदव्यांना बऱ्याच ठिकाणी तेवढं पुरत नाही. तेव्हा भाचीसारखं ज्या मुलाच्या मनात पुढे इंग्लिश पदवी आहे त्याने लिटरेचर किंवा लँग-लिट धरावं. भाषाविज्ञानाकडे ओढा असेल तर लँग्वेजची सवय कामी येते, जरी त्या पदवीला ठरावीक विषय बहुतेक ठिकाणी मागत नसले तरी. कायद्याला ऑक्सफर्ड-केंब्रिज दोघंही ठरावीक विषय मागत नाहीत. लँग-लिटसोबत वेगळं लँग्वेज किंवा लिटरेचर मात्र कॉलेजं सहसा घेऊ देत नाहीत, फार सरमिसळ होते म्हणून.

चौथा. आठ पुस्तकं हा आकडा बरोबर आहे. शिक्षण खात्याच्या विषय-आराखड्यातच लिटरेचरला किमान आठ कृती आहेत, त्यातल्या निदान तीन १९०० पूर्वीच्या, त्यात शेक्सपिअर हवाच, आणि एक तरी २००० नंतरची. लँग-लिटला किमान सहा. पण ‘पाठ करणं’ कुठून आणलं? एक्यूएच्या लिटरेचर ए या कोर्सचा दुसरा पेपर पुस्तक सोबत घेऊन लिहायचा असतो, पहिल्यातही शेवटच्या भागाला पुस्तक चालतं. शिवाय कधीच न पाहिलेल्या कविता येतात, त्या पाठ कशा करणार? अवतरणं लक्षात ठेवावी लागतात, हे खरं. वाचायचा कंटाळा असलेल्याने इकडे येऊ नये, हेही खरं. पुढे.

पाचव्या मुद्द्यावर मात्र मला राग आवरत नाही. ‘आपली मुलं’ म्हणे लिटरेचरमध्ये ‘त्यांच्या’ मुलांपुढे टिकणार नाहीत, कारण घरी इंग्लिश नाही. अरे, शेक्सपिअरचं इंग्लिश कुणाच्या घरी बोलतात? चारशे वर्षांपूर्वीची ती भाषा वर्गातल्या प्रत्येकाला तळटिपा वाचूनच कळते, मग आडनाव काहीही असो. लिटरेचरचे गुण पाच निकषांवर दिले जातात: मुद्देसूद लेखन, लेखकाने अर्थ कसा घडवलाय त्याचं विश्लेषण, काळाचा आणि समाजाचा संदर्भ, कृतींमधले धागे, आणि एकाच कृतीकडे बघण्याच्या वेगवेगळ्या दृष्टी. यातल्या कुठल्या निकषाला घरी वरणभाताची भाषा मराठी असल्याने धक्का लागतो? एका नाटकाचे दोन अर्थ लावता येतात हे तर कीर्तनं, निरूपणं ऐकत वाढलेल्या घरात नव्याने सांगावंही लागू नये. इथे जन्मलेल्या, जीसीएसई इंग्लिशला नऊपैकी सात-आठ मिळवणाऱ्या मुलीला ‘तुला जमणार नाही’ हे परीक्षक सांगत नाही, शिक्षक सांगत नाही, तिच्याच आईच्या फोनवर आलेला मेसेज सांगतो.

उलट लँग्वेजमध्ये दोन भाषांचं घर हा उघड फायदा आहे. माझ्या मुलाने लँग्वेज घेतलं होतं. शोधप्रकल्पासाठी त्याने घरातल्या बोलण्यात मराठी आणि इंग्लिशची अदलाबदल कुठे होते हा विषय निवडला, शिक्षिकेकडून आधी मंजूर करून घेतला (मध्यभागी इंग्लिशच असायला हवं, ही तिची अट), सगळ्यांची परवानगी घेऊन जेवणाच्या टेबलावरचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि ते एकेक श्वास मोजत लिहून काढलं. त्यातून निघालं असं की वेळ, तारखा, अपॉइंटमेंट, शाळेचे ईमेल हे सगळं मी इंग्लिशमध्ये बोलते, आणि वाक्य ‘अगं’, ‘अरे’ने सुरू झालं की पुढचं सगळं मराठीत येतं. रागावणं तर शंभर टक्के मराठीत, मधे फक्त ‘फोन’ आणि ‘चार्जर’. मला ते वाचून जरा ओशाळल्यासारखं झालं, पण अशी सामग्री घरात आयती मिळणं ही चैन आहे. एकाच भाषेत वाढलेल्या त्याच्या मित्राला ती बाहेर शोधत हिंडावं लागलं.

सहावा मुद्दा दोन वाक्यांत. मेडिसिनला बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री लागते, बऱ्याच ठिकाणी बायॉलॉजीही, आणि तिसऱ्या विषयाबाबत अनेक मेडिकल स्कूल आग्रही नसतात, तिथे इंग्लिश चालतं. इंजिनिअरिंगला मॅथ्स-फिजिक्सनंतर फर्दर मॅथ्स जास्त कामाचं, इतपत मेसेजशी मी सहमत आहे.

आणि मेसेजमध्ये सगळीकडे ‘यूकेमध्ये’ असं लिहिलंय. स्कॉटलंडमधल्या पालकांनी तो सरळ डिलीट करावा, तिथल्या हायर आणि ॲडव्हान्स्ड हायर या परीक्षांना ‘इंग्लिश’ हा एकच विषय असतो.

ताईला मी एवढंच सांगितलं: कॉलेजचं बोर्ड कुठलं ते विचार, एक्यूए, ओसीआर, एडेक्सेल की एडुकास. त्या बोर्डाच्या साइटवरून तिन्ही विषयांची एकेक जुनी प्रश्नपत्रिका छाप आणि भाचीच्या पुढे ठेव, आपण दोघी बाजूला बसू. तिने लिटरेचरची कविता वाचून पेन उचललं की लिप्यंतरातल्या त्या कंसातल्या टिंबांकडे वळली, ते दिसेल. फॉर्मवर तिला हवं ते परत लिहू दे. आणि सप्टेंबरच्या पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक सिक्स्थ फॉर्म विषय बदलू देतात, वर्गात जागा असेल तर. शेवटची तारीख कुठली, ते आत्ताच विचारून ठेव.