कबुतराच्या पायाला बांधलेलं तिसरं प्रकरण

मुंबईत इंजिनिअरिंग करणाऱ्या प्रत्येकाच्या पत्रिकेत शेवटच्या वर्षी एक काळा ग्रह येऊन बसतो. त्याला ब्लॅक बुक म्हणतात, म्हणजे प्रोजेक्टचा छापील अहवाल. काळं हार्ड बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरांत प्रोजेक्टचं नाव, खाली चार मुलांची नावं, आणि आत असा मजकूर जो गाइड चाळतात, एक्स्टर्नल उघडतात आणि त्यानंतर ब्रह्मदेवही वाचत नाही. आमचा प्रोजेक्ट आहे चेहरा ओळखून हजेरी लावणारी यंत्रणा. दर वर्षी कुठला ना कुठला ग्रुप ही यंत्रणा बनवतोच, आणि हजेरी अजूनही सर कागदावरच घेतात.

चौघांत कामं वाटलेली आहेत. कोड एकीकडे, पीपीटी दुसऱ्याकडे, झेरॉक्सवाल्याशी घासाघीस तिसऱ्याकडे. लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण टीम लीडरच्या मते "तू बरंच वाचत असतोस". हे मात्र खरं आहे. तिसरं प्रकरण, म्हणजे लिटरेचर सर्व्हे (या विषयावर आधी कुणी काय लिहिलंय त्याचा आढावा), लिहायला घेतल्यापासून मी जेवढं वाचलंय तेवढं आधीच्या सगळ्या सेमिस्टरांत मिळून वाचलं नव्हतं. फक्त त्यात चेहरा कुठे नाही, आणि हजेरी तर नाहीच.

आम्ही विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहतो. वन रूम किचन. घर झोपलं की मी ओट्याशेजारी खुर्ची टाकतो. लॅपटॉपचा चार्जर मिक्सरच्या प्लगला, त्यामुळे सकाळी आईला चटणी वाटायची असेल तर आधी माझं करिअर उपटावं लागतं. एकदा का बैठक जमली, की मी पायथन उघडतो. आता या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं नाव सापावरून पडलं असेल असं कुणालाही वाटेल. ते पडलं एका ब्रिटिश विनोदी टीव्ही कार्यक्रमावरून. बरं, नाव ठेवून गप्प बसावं, तर तेही नाही. पायथनमध्ये 'इम्पोर्ट अँटिग्रॅव्हिटी' अशी ओळ लिहून एंटर मारा, आपोआप ब्राउझर उघडतो आणि समोर एक व्यंगचित्र येतं. म्हणजे मी कामाचं हत्यार उचलतोय, आणि हत्यारच मला म्हणतंय, 'सोड रे, हे बघ.' अशा परिस्थितीत माझ्यासारख्या संस्कारी मुलाने काय करावं? मी बघतो. त्या चित्राखाली पुढच्या चित्राचं बटण असतं.

याला आई टाइमपास म्हणते. जॉन पेरी याला पद्धतशीर चालढकल म्हणतात. पेरी हे स्टॅनफर्डचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी १९९६ मध्ये एक निबंध लिहिला. सार असं, की चालढकल करणारा माणूस रिकामा कधीच बसत नाही. जे करायला हवं ते सोडून बाकी सगळं तो मन लावून करतो. म्हणून यादीत सगळ्यांत वर एक भयंकर महत्त्वाचं वाटणारं काम ठेवायचं, ते टाळता टाळता खालची सगळी कामं उरकतात. या सिद्धांताला २०११ साली साहित्याचं इग नोबेल, म्हणजे नोबेलची गंमत करणारं बक्षीस, मिळालं. निबंधानंतर पंधरा वर्षांनी! बक्षीस देणाऱ्यांनीही सिद्धांत मनावर घेतला होता, असं मानायला जागा आहे.

माझ्या यादीत वर तिसरं प्रकरण आहे. ते टाळण्यासाठी मी माळा आवरला, आईच्या मोबाइलमधले सगळे गुड मॉर्निंगचे फोटो काढून टाकले (त्यावरून झालेलं रामायण वेगळं) आणि इंटरनेटच्या इतिहासात इतका खोल उतरलो की वर यायची शिडी दिसेना.

खाली उतरल्यावर मला जे दिसलं ते असं. हे जे जग आपण वापरतो, ते कामं टाळणाऱ्या हुशार लोकांनी बांधलेलं आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचं एकच भांडं होतं. लोक जिने चढून यायचे आणि भांडं रिकामं सापडायचं. आपल्याकडे असं झालं तर माणूस भांडं ठेवणाऱ्याच्या नावाने दोन शिव्या हासडतो आणि टपरीवर जातो. त्यांनी १९९१ मध्ये भांड्यासमोर कॅमेरा लावला, चित्र प्रत्येकाच्या संगणकावर दिसेल अशी सोय केली, आणि १९९३ मध्ये ते सगळ्या जगाला खुलं केलं. जगातला पहिला वेबकॅम तो हाच. त्यात कॉफी आहे की संपली एवढंच दिसायचं, आणि २००१ मध्ये तो बंद होईपर्यंत जगभरचे लोक ते बघत बसले होते. दोन जिने वाचवायला केवढा खटाटोप! आमच्या ग्रुपचा कॅमेरा चौघांचे चेहरे अजून नीट ओळखत नाही. आम्हाला जिने चढायची सवय आहे, प्रगती खुंटते ती इथे.

कॉफीवरून चहावर यायला मला वेळ लागला नाही. इंटरनेटचे नियम ज्यांत लिहितात त्या कागदपत्रांना आरएफसी म्हणतात. अत्यंत रूक्ष, शासन निर्णयाच्या भाषेतली कागदपत्रं. पण बहुतेक दर १ एप्रिलला यातले काही सभ्य गृहस्थ तितक्याच गंभीर चेहऱ्याने थापा मारतात. १९९८ मध्ये कॉफीचं भांडं इंटरनेटवरून चालवायचे नियम निघाले. त्यात म्हटलंय, की कुणी चहाच्या किटलीला कॉफी कर म्हणून सांगितलं, तर किटलीने ४१८ हा एरर द्यावा: 'मी किटली आहे.' पान सापडलं नाही की ४०४ दिसतो ना, त्याचाच हा चुलत भाऊ. २०१७ मध्ये तो काही सॉफ्टवेअरमधून काढून टाकायची सूचना आली, तेव्हा एका शाळकरी पोराने मोहीम चालवून तो वाचवला.

हे वाचून मी मध्यरात्री एवढ्याने हसलो की आई उठून आली.

"काय झालं?"

"अगं, किटली म्हणते, मी किटली आहे."

आईने आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग ओट्यावर नजर टाकली. "किटली आहे कुठे आपल्याकडे? पातेल्यातच करतो चहा."

मी तिला सर्व्हर समजावला, क्लायंट समजावला, एरर कोड समजावला. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे तिला सांगितलेलं काम ती करत नाही, आणि वर नाव सांगते. तुझ्यासारखीच की." आणि झोपायला गेली. एवढ्या वर्षांत ४१८ चं याहून नेमकं विवेचन कुणी केलं असेल असं मला वाटत नाही.

गीक, म्हणजे संगणकवेड्यांच्या, विनोदाची ही खरी रड आहे. तो समजावून सांगावा लागतो, आणि समजावून होईपर्यंत त्याचा तेरावा झालेला असतो. त्यात आमच्या जमातीला एक खोडही आहे. समोरच्याला कळला नाही की आम्हाला विनोदापेक्षा जास्त आनंद होतो. 'जगात १० प्रकारची माणसं असतात, बायनरी कळणारी आणि न कळणारी', हा टी-शर्ट घातलेला एक तरी मुलगा प्रत्येक कॉलेजात सापडतो (बायनरी या संगणकाच्या आकडेमोडीत १० म्हणजे दोन). तो शर्ट लोकांना हसवायला कमी, आणि कुणीतरी "बाकीचे आठ कुठले?" असं विचारावं म्हणून जास्त घातलेला असतो. मला त्या मुलाबरोबर दादरपर्यंत स्लो लोकलने जायचीही इच्छा नाही.

आता कबुतरं. मुंबईकराला कबुतरांबद्दल वेगळं काही सांगायला नको. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये प्रकरण हायकोर्टात गेलं, ताडपत्र्या लागल्या, आंदोलनं झाली. आमच्या घरचं आंदोलन त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. खिडकीच्या ग्रिलमध्ये एक जोडपं कायमचं मुक्कामाला आहे. दोन काड्या, केबलचा तुकडा आणि आईच्या केसांचा गुंता एवढ्या भांडवलावर त्यांनी घरटं उभं केलंय. बिल्डरने केलं असतं तर त्याला टू बीएचके म्हटलं असतं. जाळी बसवायची तर बाबा म्हणतात, "बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, मग खर्च कशाला?" रंग, गळकं बेसिन, किचनची ट्यूब आणि जाळी, सगळं याच कारणासाठी थांबलंय. रिडेव्हलपमेंट होणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. प्राध्यापक पेरींनी एकदा आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला यायला हवं होतं.

तर त्या दिवशी बाबा पत्र्याच्या पट्टीने कठडा खरवडत होते आणि मी वाचत होतो आरएफसी ११४९. डेव्हिड वेट्झमन यांनी १ एप्रिल १९९० ला काढलेला. विषय: कबुतरांमार्फत इंटरनेट. मजकूर कागदाच्या सुरळीवर छापायचा, सुरळी कबुतराच्या पायाला चिकटपट्टीने बांधायची, पलीकडे ती सोडून स्कॅन करायची. फायदे दिलेत. कबुतरं एकमेकांवर आदळत नाहीत. किडे ओळखून ते नष्ट करण्याची सोय उपजतच असते. आणि केलेल्या वाहतुकीच्या नोंदी आपोआप तयार होतात, त्या बऱ्याचदा ओंडक्यांवर आणि केबलच्या ट्रेवर आढळतात.

मी कठड्याकडे बघितलं. बाबा नोंदी खरवडत होते.

मी त्यांना ते वाचून दाखवलं. हसतील अशी आशा नव्हतीच. पण बाबा तीस वर्षं आरएमएसमध्ये होते. आता आरएमएस म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभारणारा दाढीवाला रिचर्ड स्टॉलमन येतो, कारण सॉफ्टवेअरच्या दुनियेत त्याला याच तीन अक्षरांनी ओळखतात. बाबांच्या डोळ्यांसमोर येते रेल्वे मेल सर्व्हिस: रात्रीची गाडी, हलता डबा, समोर खणांची भिंत आणि हातात पत्रांचा गठ्ठा. त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि विचारलं, "कुणी करून बघितलं का?"

केलं होतं. नॉर्वेतल्या बर्गेन गावच्या लिनक्सवाल्यांनी २००१ मध्ये. नऊ पाकिटं धाडली, चारांची उत्तरं आली. सगळ्यांत चपळ उत्तराला जवळपास ५४ मिनिटं लागली.

"नवातली पाच गहाळ?" बाबांचा चेहरा पडला. "मेमो मिळाला असता आमच्याकडे." मग त्यांनी चौकशी सुरू केली. पोचपावती होती का? सॉर्टिंग कुठे व्हायचं? कबुतर आजारी पडलं तर बदली कोण? किटलीच्या वेळी मला घाम फुटला होता, इथे मला काही समजवावंच लागेना. मीच हुरूप येऊन म्हटलं, "बाबा, इंटरनेटवर दोन तऱ्हेचं टपाल असतं. टीसीपी म्हणजे तुमचं रजिस्टर एडी. पोचलं की पावती येते, नाही आली तर परत पाठवतात. यूडीपी म्हणजे साधं टपाल. टाकलं पेटीत, पुढे त्याचं नशीब."

"रजिस्टर बंद केलं रे," बाबा म्हणाले. "२०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन." दोन मिनिटं शोक पाळून झाल्यावर मी त्यांना आमच्यातला सगळ्यांत जुनापुराणा विनोद सांगितला: "मला यूडीपीवरचा एक जोक माहितीये, पण तुम्हाला पोचेलच असं नाही."

बाबा जे हसायला लागले ते थांबेचनात. आई बाहेर आली, तिला वाटलं कबुतर घरात शिरलं. माझ्या मित्रांपैकी कुणी या विनोदाला इतका मान दिलेला नाही. त्या आनंदात त्यांनी मला पिन कोडची कथा ऐकवली. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. दिवसा देशाचे पत्ते सहा आकड्यांत बसवायचे आणि उरलेल्या वेळात संस्कृत नाटकं लिहायची. की उलट? पेरींच्या यादीत वर काय होतं आणि खाली काय, हे वेलणकरांनाच ठाऊक. मी ते 'संदर्भ' म्हणून लिहून ठेवलंय, तिसऱ्या प्रकरणात कुठेतरी बसेल. पत्ता ओळखणं आणि चेहरा ओळखणं यात एवढा काय फरक आहे? गाइड मॅडमना विचारायला हवं, पण त्यांनी विचारण्याआधी आपण विचारणं बरं दिसत नाही.

याच कबुतरांवरून मी सोसायटीच्या ग्रुपवर १ एप्रिलला एक प्रस्ताव टाकला होता: मोबाइल टॉवरपेक्षा आपल्या कठड्यावरच्या कबुतरांमार्फत वायफाय घ्यावं, देखभाल शून्य. कुणी हसलं नाही. सेक्रेटरी काकांनी विचारलं, "जीएसटी धरून किती?" तळमजल्याच्या आजींनी कळवलं की दाणे टाकायला त्यांची हरकत आहे. लिखाणातला विनोद लोकांना कळावा म्हणून कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ ला कोलन, आडवी रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा सुचवला, तो अशाच प्रसंगानंतर. तिथे लिफ्टमध्ये पारा सांडल्याची थाप लोकांनी खरी मानली होती. आमच्या ग्रुपवर हसरा चेहरा टाकला तरी तो मेंटेनन्स वाढल्याच्या सूचनेखाली जाऊन बसतो आणि नवीनच भांडण लागतं.

बाबांनी मात्र यूडीपीचा जोक मराठीत करून आपल्या निवृत्त आरएमएसवाल्यांच्या ग्रुपवर पाठवला. रात्रीपर्यंत कुणाचं काही उत्तर नाही. दर पाच मिनिटांनी चष्मा लावून बघायचे आणि ठेवून द्यायचे.

"अहो, झोपले असतील," आई म्हणाली.

"आरएमएसचा माणूस रात्री झोपत नाही." बाबा मुकाट्याने एकेकाला वेगवेगळा पाठवायला बसले. मीही समोर लॅपटॉप उघडून तिसऱ्या प्रकरणाचं शीर्षक ठळक केलं, मग अधोरेखित केलं, मग अधोरेखित काढलं.

पहाटे साडेचारला त्यांचा फोन वाजला. इगतपुरीपर्यंत त्यांच्याबरोबर ड्युटी केलेले एक काका.

"अरे, मिळाला तुझा जोक. पोचपावती द्यायला फोन केला."

बाबांनी फोन छातीशी धरला आणि अंधारात मला हाक मारली, "काय रे, याला टीसीपी म्हणायचं ना?"