प्लांटला मास्कमुळे काढलं, हे खोटं

दारव्हा तालुक्यातल्या हॉकीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: आइस हॉकीतल्या माँट्रियल संघाचा गोलकीपर झाक प्लांट घाबरून मास्क घालायला लागला, म्हणून संघानं त्याला काढलं. साफ खोटं आहे. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये समोरच्या संघातल्या अँडी बाथगेटचा फटका त्याच्या तोंडावर बसला, टाके पडले. मास्कशिवाय उतरणार नाही, असं त्यानं प्रशिक्षक टो ब्लेक यांना ठणकावलं. ब्लेकना मास्क पसंत नव्हता. तरी प्लांट मास्क घालून उतरला आणि माँट्रियल ती मॅच ३-१ नं जिंकलं, १९६० चा स्टॅनले कप हा आइस हॉकीचा मोठा चषकही. प्लांट तिथं १९६३ पर्यंत खेळला. हा मेसेज वाचून आपले पोट्टे हेल्मेट काढून गोलात उभे राहतात, म्हणून कळकळीनं सांगतो. ज्यांनी तो पुढं ढकलला, त्यांनी हा खुलासाही पाठवावा.